भोक सारखंच, अर्थ उलटा

लाकडाला कीड लागलेली दिसली की बहुतेक जण आधी खाली पडलेली भुकटी झाडून टाकतात आणि मग औषधाचं बघतात. मी जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करते, आणि माझं म्हणणं असं की ती भुकटी हाच सगळ्यात बोलका पुरावा असतो. किडा महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही. त्याची विष्ठा मात्र समोर येऊन पडत राहते.

हे नीट पारखून बघायची संधी माझ्या टेबलावर एकदम आलेल्या दोन वस्तूंनी दिली. एक होती रुंद पानांच्या झाडाच्या लाकडाची पेटी. झाकण गडद, पण त्याच्या एका कडेची पट्टी फिकट. दुसरी तसबिरीची जाडजूड चौकट, पाइनची, रंग नाही की पॉलिश नाही. दोन्हींवर मिलिमीटर-दीड मिलिमीटरची गोल भोकं होती आणि दोन्हींखाली भुकटी. माझ्याबरोबर काम करणारे सुतारकाका लांबूनच म्हणाले, "वाळवी आहे ताई, दोन्हीला. औषध मारा आणि मोकळ्या व्हा."

"मातीचे बोगदे कुठे दिसत नाहीत पण," मी म्हटलं.

"ही कोरडी वाळवी. हिला माती लागत नाही."

काकांचं निम्मं बरोबर होतं. जमिनीत राहणारी वाळवी ओलाव्यावर जगते, म्हणून मातीची नळी बांधत बांधत लाकडापर्यंत येते. कोरड्या लाकडातली वाळवी जमिनीचं तोंडही बघत नाही. तिची अख्खी वसाहत एका चौकटीत, एका फळीत मावते. पण कोरड्या लाकडात राहणारी ती एकटी नाही. भुंगेऱ्यांचीही काही कुळं तिथेच नांदतात. त्यामुळे "दोन्हीला वाळवी" हे मला पटत नव्हतं, निदान पेटीच्या बाबतीत.

दोन्ही वस्तू आधी एकमेकींपासून आणि बाकीच्या लाकडांपासून वेगळ्या केल्या. झाकणाच्या मोठ्या डब्यात, प्रत्येकीखाली काळा कागद. काळाच घ्यायचा, पांढऱ्यावर काही कळत नाही. आधीची सगळी भुकटी मऊ ब्रशने गोळा करून दोन बाटल्यांत भरली, भोकंही वरवर झाडून घेतली. आता कागदावर जे पडेल ते नवं.

थांबायचा कंटाळा आला तरी बाटल्यांतली जुनी भुकटी हाताशी होतीच. पेटीखालची चिमटीत घेतली तर ती बोटांच्या रेषांत जाऊन बसली, झटकली तरी निघेना. रेतीचा खरखरीतपणा औषधालाही नाही, अगदी टाल्कम. कागद तिरका केला की ती घसरत नव्हती, गुठळी धरून चिकटून राहत होती. चौकटीखालची मात्र चिमटीत धरताच येईना. कण बोटांमधून निसटायचे, कागदावर घरंगळायचे. भिंगातून बघण्याआधीच बोटांनी दोघींची फारकत करून टाकली होती.

भिंगाखाली तर वादच संपला. चौकटीचे कण हे कण नव्हतेच, घडवलेल्या वस्तू होत्या. प्रत्येक साधारण एक मिलिमीटर लांबीचा, टोकं गोलसर, आणि बाजू मोजून सहा. प्रत्येक बाजू किंचित आत दबलेली. रंग वेगवेगळे, काही फिकट पिवळे, काही तपकिरी, काही जवळजवळ काळे, पण आकार सगळ्यांचा एकच. हा आकार येतो तो वाळवीच्या गुदाशयातून. तिथे पाणी शोषून घेणाऱ्या सहा गाद्या असतात. कोरड्या लाकडात राहायचं म्हणजे थेंबाथेंबाचा हिशोब. विष्ठेतला ओलावा त्या सहा बाजूंनी दाबून पिळून घेतात आणि सुकी, सहा पैलूंची गोळी बाहेर पडते. मला हे फार आवडलं. एका कणावर त्या किड्याच्या सगळ्या राहणीचा शिक्का होता.

पेटीच्या भुकटीला आकारच नव्हता. जास्तीत जास्त मोठं करून बघितलं तरी नुसता चुरा. हे लक्षण लिक्टस नावाच्या भुंगेऱ्यांचं. लाकडाचं अक्षरशः पीठ करणारे म्हणूनच ते ओळखले जातात.

भुकटीवरून गट कळला. जात कळायला किडाच हवा. ओळखीच्या एका कीटकशास्त्रज्ञ मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "वाळवीचा सैनिक आणा. कामकऱ्यांवरून जात सांगता येत नाही, सगळे सारखेच दिसतात. भुंगेरा असेल तर प्रौढ आणा. अळी मिळाली तरी चालेल, पण मग मी कुळापर्यंतच सांगेन."

चौकट मागच्या बाजूने, जिथे दुरुस्ती करावीच लागणार होती तिथे, पातळ पटाशीने उघडली. बाहेरून धड दिसणारा पृष्ठभाग आत कागदाएवढाच जाड उरला होता. खाली कप्पेच कप्पे: गुळगुळीत भिंतींच्या रुंद खोल्या आणि त्यांना जोडणारे अरुंद बोगदे, लाकडाच्या रेषेची पर्वा न करता आडवेतिडवे गेलेले. आणि स्वच्छ! काही खोल्यांत गोळ्या साठवलेल्या होत्या, बाकी सगळं झाडून ठेवल्यासारखं. पांढुरके, मऊ अंगाचे किडे उजेड लागताच आत पळाले. एका बोगद्याचं तोंड मात्र काळ्या बुचाने बंद होतं. सुईने स्पर्श केला तर बूच मागे सरकलं. ते सैनिकाचं डोकं होतं. समोरून सरळ कापल्यासारखं, काळं, खडबडीत, सुरकुत्या पडलेलं. बोगद्याच्या मापात बरोबर बसणारं. चावून लढण्यापेक्षा दार अडवून उभं राहणं हेच त्याचं काम. मुंग्या आत शिरायला आल्या तर त्यांना फक्त हे डोकं भेटतं. अशा सैनिकाला स्वतः लाकूड खाता येत नाही, इतरांनी भरवावं लागतं. त्यातले दोघे अल्कोहोलच्या कुपीत घातले.

मॅडमनी बघून सांगितलं: क्रिप्टोटर्मिस ब्रेव्हिस. डोक्यावरच्या त्या खोल सुरकुत्यांवरून. जगभर फिरणाऱ्या कोरड्या वाळव्यांत ही सगळ्यात पटाईत. १८५३ मध्ये तिचं वर्णन झालं, आणि पुढे संशोधकांना तिचं नैसर्गिक घर दक्षिण अमेरिकेच्या पेरू-चिलीच्या रखरखीत किनाऱ्यावर सापडलं. बाकी सगळीकडे ती माणसाच्या लाकडी सामानातून पोहोचली. जहाजं, पेट्या, फर्निचर. तिच्या मूळ मुलखाबाहेर ती जंगलात जवळपास सापडत नाही, घरातच सापडते.

पेटीचा भुंगेरा इतका सहज हाती लागला नाही. फिकट पट्टी बदलावीच लागणार होती, म्हणून ती सोडवून घेतली आणि तिचं एक टोक फोडलं. इथे खोल्या वगैरे काही नाही. बोगदे बारीक, लाकडाच्या रेषेला धरून गेलेले, पुढेपुढे एकमेकांत मिसळलेले, आणि सगळे त्या पिठाने ठासून भरलेले. पीठ टोकरत गेले तर आत पांढरी अळी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पुढे तपकिरी जबडा आणि तीन जोड्या छोटे पाय. भिंगातून शेपटीकडे प्रत्येक बाजूला एक तपकिरी ठिपका दिसत होता, बाकीच्या ठिपक्यांपेक्षा उघड मोठा. ते तिचं श्वसनरंध्र. लिक्टसच्या अळीचं शेवटचं श्वसनरंध्र असं मोठं असतं, आणि ओळखीला ही खूण पुरते. उरलेली पट्टी काचेच्या बरणीत घालून वर दाट विणीचं कापड बांधलं आणि ती उजेडात ठेवून दिली.

दरम्यान काळे कागद बघायचा नाद लागला. पेटीची पट्टी काढल्यावर त्या कागदावर नवं काही पडेना. चौकटीखाली मात्र छोटे छोटे ढीग व्हायचे, बरोबर भोकाखाली. एकदा रात्री मंद टॉर्च लावून बसले होते. भोक बंद होतं, तपकिरी पापुद्र्याने लिंपलेलं. थोड्या वेळाने पापुद्रा आतून कुरतडला गेला, दोन मिशा बाहेर आल्या, लगेच आत गेल्या. मग एक गोळी कडेला आली आणि पडली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. जरा खंड, मग आणखी काही. शेवटी आतून कुणीतरी पुन्हा लिंपायला घेतलं. मी टॉर्च विझवली तोवर भोक बंद झालेलं होतं.

इथे मला दोन किड्यांमधला सगळ्यात कामाचा फरक दिसला. वाळवीचं भोक हे कचरा टाकायचं दार आहे. ते दिसतंय, खाली ताज्या गोळ्या पडतायत, म्हणजे आतलं बिऱ्हाड चालू आहे. भुंगेऱ्याचं भोक हे बाहेर पडायचं दार आहे, आणि तेही एकदाच वापरायचं. अळी सगळं आयुष्य आत काढते, पृष्ठभागाजवळ येऊन कोष करते, आणि प्रौढ भुंगेरा लाकूड चावून बाहेर निघतो. भोक दिसलं म्हणजे ज्याने ते पाडलं तो गेला. आत त्याची भावंडं असतीलही, नसतीलही. जुन्या भोकांमधून तर वस्तू हलवली तरी वर्षानुवर्षं पीठ गळत राहतं, किडा एकही नसताना. म्हणून लिक्टसच्या बाबतीत मी आता असलेल्या भोकांवर पातळ कागद चिकटवते आणि तारीख टाकते. कागद नव्याने फाटला किंवा बाजूला नवं, आतून फिकट दिसणारं भोक पडलं, तरच आत कुणी आहे असं धरते. औषधाच्या नावाने मेलेल्या लाकडावर केलेला खर्च मी पुष्कळ पाहिला आहे.

बरणीत शेवटी भुंगेरे निघाले. लालसर तपकिरी, अरुंद, किंचित चपटे, लांबी पाच मिलिमीटरच्या आसपास. वरून बघितलं तर डोकं स्पष्ट दिसतं. फर्निचर पोखरणाऱ्या दुसऱ्या एका नेहमीच्या भुंगेऱ्याचं, ॲनोबियमचं, डोकं टोपीखाली झाकलेलं असतं, त्यामुळे गोंधळ होत नाही. मिशांच्या टोकाला दोन फुगीर पेरं. मॅडमचं उत्तर: लिक्टस ब्रुनियस. हाही लाकडाच्या व्यापाराबरोबर जगभर पसरलेला. म्हणजे प्रवासाच्या बाबतीत दोघं सारखेच.

एवढं झाल्यावर मला खरा प्रश्न पडला तो पेटीच्या झाकणाचा. फिकट पट्टीचं पीठ झालं होतं आणि तिला लागून असलेल्या गडद लाकडाला ओरखडा नाही. एकाच फळीचे हे दोन भाग. सीमारेषा तर अशी की किड्याने पट्टी लावून आखली असावी.

झाडाच्या खोडात बाहेरचं पांढरं लाकूड जिवंत असतं, पाणी वाहून नेतं आणि अन्न साठवतं. हे अन्न म्हणजे मुख्यतः स्टार्च. आतला गडद गाभा मेलेला, त्यात स्टार्च उरत नाही. आणि लिक्टसला हवा असतो तो हा स्टार्च, त्याबरोबर थोडी साखर आणि प्रथिनं. लाकडाचा सांगाडा ज्याचा बनलेला असतो ते सेल्युलोज त्याच्या अळीला पचतच नाही. ती लाकूड चावते, त्यातला स्टार्च काढून घेते आणि बाकी सगळं जसंच्या तसं मागे टाकते. म्हणून तर पिठाचा एवढा ढीग. थोडक्या स्टार्चसाठी तिला भरपूर लाकूड दळावं लागतं.

पाठ्यपुस्तकातलं हे ज्ञान डोळ्यांनी बघायचं होतं. पट्टीच्या सांध्यातून निघालेला एक तुकडा असा होता की ज्यात पांढरं आणि गडद दोन्ही होतं. त्याचं टोक करवतीने नव्याने कापलं, ताज्या कापावर आयोडीनचं पातळ द्रावण ब्रशने लावलं. गडद भागावर ते पिवळट तपकिरीच राहिलं. पांढऱ्या भागावर क्षणभर काही नाही, मग निळसर काळे ठिपके उमटायला लागले, वाढत गेले, आणि बघता बघता पांढरा पट्टा काळा झाला. किड्याने आखलेली सीमारेषा आणि आयोडीनने आखलेली, दोन्ही एकाच जागी. सुतारकाका तुकडा हातात घेऊन बराच वेळ फिरवत होते. मग म्हणाले, "आमच्यात पांढरं लाकूड टाकून द्यायचं म्हणतात ते याच्यासाठी होय!" कारण माहीत नसताना नियम मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला होता.

लिक्टसच्या आणखी दोन अटी आहेत. मादी अंडी घालते ती लाकडातल्या उघड्या रंध्रांत, पाणी नेणाऱ्या नळ्यांच्या तोंडात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत अशा नळ्याच नसतात, म्हणून पाइनच्या चौकटीत तो कधीच निघणार नव्हता. लाकूड ओळखता आलं तर निम्मा तपास तिथेच संपतो. शिवाय अंडी घालण्याआधी मादी पृष्ठभाग चावून बघते, स्टार्च पुरेसा आहे की नाही ते. नसेल तर पुढे जाते. पॉलिशने रंध्रं बुजलेली असतील तरी तिला जागा मिळत नाही. पॉलिश केलेल्या वस्तूतून भुंगेरा निघाला तर तो बहुधा पॉलिशच्या आधीपासून आत होता असं समजावं.

लाकूड कसं वाळवलं याचाही इथे संबंध येतो. झाड तोडल्यावरही पांढऱ्या लाकडातल्या पेशी काही काळ जिवंत राहतात आणि साठवलेला स्टार्च वापरून संपवत राहतात. ओंडका सावकाश वाळला तर किड्यासाठी फारसं काही उरत नाही. घाईने वाळवला तर पेशी आधी मरतात आणि स्टार्च तसाच कोंडला जातो. ओंडके पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीतही स्टार्च कमी करते. रबराच्या झाडाचं लाकूड स्टार्चने इतकं भरलेलं असतं की ते कापल्याबरोबर बोरॉनच्या क्षारात मुरवतात, नाहीतर लिक्टस ठेवतच नाही.

वाळवीला असले चोचले नाहीत. पांढरं, गडद, पाइन, रुंद पानांचं, जुनं, नवं, काहीही. काही झाडांचा गाभा आपल्या रसायनांमुळे तिला नकोसा होतो, पण स्टार्च असण्या-नसण्याने तिचं अडत नाही, कारण ती खाते ते सेल्युलोजच. पचवायला तिच्या आतड्यात एकपेशीय जीव आणि जीवाणू राहतात. अमेरिकन संशोधक क्लीव्हलँड यांनी १९२० च्या दशकात वाळवीला दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ठेवून हे एकपेशीय जीव मारले. वाळवी जिवंत राहिली, लाकूड खातही राहिली आणि पोट भरलेलं असताना उपाशी मेली. कात टाकताना हे जीव निघून जातात, तेव्हा ते पुन्हा मिळवायला तिला सोबतिणींच्या गुदद्वारातून स्रवणारा द्रव प्यावा लागतो. किळस येईल, पण या जीवांसाठी एकत्र राहण्यावाचून तिला गत्यंतर नाही. लाकूड खाणाऱ्या काही झुरळांतही हीच रीत आहे, आणि २००७ पासून तर वाळवी झुरळांच्या गणातच गणली जाते. भुंगेऱ्याशी तिचं नातं फार दूरचं.

यामुळे नुकसानीची चालही वेगळी. लिक्टसची पिढी साधारण वर्षभराची, उष्ण हवेत त्याहून लवकर. स्टार्च आहे तोवर त्याच लाकडात पिढीवर पिढी, स्टार्च संपला की खेळ खलास. वाळवीची वसाहत संथ वाढते. पंखवाल्या किड्यांचे थवे सोडण्याएवढी मोठी व्हायला तिला कित्येक वर्षं लागतात, आणि संख्या शेकड्यांत, फार तर एक-दोन हजारांत असते. पण लाकूड आहे तोवर तिला थांबायचं कारणच नाही.

उपाय करताना मला या सगळ्याचा उपयोग झाला. बोगद्यात सुईने औषध सोडायचं तर वाळवीच्या स्वच्छ, जोडलेल्या खोल्यांत ते पसरायला वाव असतो. लिक्टसच्या ठासलेल्या पिठात ते भोकाच्या तोंडाशीच अडकतं. पेटीला मी औषध लावलंच नाही. पांढरं लाकूड जिथे जिथे होतं ते काढलं, नव्या पट्टीसाठी आलेल्या लाकडाच्या टोकांवर आयोडीन लावून बघितलं आणि जे काळं पडलं नाही ते वापरलं. आतून-बाहेरून पॉलिशचा हात दिला. गाभ्याला काही करायची गरज नव्हती.

चौकट थंडीने सोडवली. संग्रहालयांत वस्तू उणे २० अंशांवर सुमारे दोन आठवडे ठेवायची पद्धत आहे. माझ्या चौकटीवर रंग किंवा सोनेरी मुलामा असता तर मी हे धाडस केलं नसतं, थर तडकू शकतात. प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून ती एका प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये ठेवली, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लॅस्टिक सोडलं नाही, नाहीतर बाष्प थेट लाकडावर बसतं. घरी आणून कागदावर ठेवली तर पुन्हा गोळ्या! काका माझ्याकडे बघायला लागले. पण या गोळ्या आत साठलेल्या, उचलाठेवीत सांडलेल्या होत्या. मागच्या बाजूला एक भोक मोठं केलं, चौकट उभी धरून सगळीकडून ठोकली, आणि आतून रिकामा आवाज येईपर्यंत गोळ्या गळू दिल्या. वाटीभर निघाल्या. मग खोल्यांत पातळ राळ भरली, भोकं मेणाने बुजवली आणि काळा कागद बदलला. त्यावर अजून काही पडलेलं नाही.